औषध स्वस्त झाले. पण ‘स्टेज’ नीट ठरली का?

जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या तिन्ही औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन, ओसिमर्टिनिब आणि डुर्व्हॅलुमॅब ही त्यांची नावे. पहिले प्रामुख्याने स्तनाच्या आणि दुसरे फुप्फुसाच्या कर्करोगात वापरले जाते. तिसरे, डुर्व्हॅलुमॅब, फुप्फुसाबरोबरच पित्तमार्गाच्या कर्करोगातही दिले जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची ‘डे केअर’ केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ मध्येच सुरू करण्याचे ठरले.

दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र महागडे औषध कोणाला द्यायचे, शस्त्रक्रिया कोणावर करायची आणि कोणाला या दोन्हींपेक्षा वेदनामुक्तीची गरज अधिक आहे, हे ठरते ते आजाराच्या टप्प्यावरून, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘स्टेज’वरून. यकृताच्या आतील पित्तनलिकांच्या कर्करोगात हा टप्पा ठरवण्याचे कामच अनेकदा अर्धवट राहते. औषधाची किंमत कमी झाल्यावर आता याच कच्च्या दुव्याकडे पाहायला हवे.

पित्ताची नलिका आणि ‘पित्त’

यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांच्या जाळ्यातून वाहत मोठ्या नलिकेत येते आणि तिथून लहान आतड्यात उतरते. या नलिकांच्या अस्तरातील पेशींपासून होणारा कर्करोग म्हणजे कोलँजिओकार्सिनोमा. तो यकृताच्या आतल्या फांद्यांमध्ये झाला तर त्याला इंट्राहिपॅटिक म्हणतात. यकृताच्या दाराशी, जिथे उजवी आणि डावी नलिका एकत्र येतात, तिथला प्रकार वेगळा आणि त्याखालच्या नलिकेतला आणखी वेगळा. नाव एकच असले तरी या तिघांची लक्षणे, शस्त्रक्रिया आणि टप्पे निरनिराळे आहेत. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांमध्ये इंट्राहिपॅटिक प्रकाराचा क्रमांक दुसरा लागतो. अशा कर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात.

यकृताबाहेरच्या नलिकेत गाठ आली की पित्ताची वाट अडते आणि कावीळ लवकर दिसते. यकृताच्या आत मात्र एक फांदी बंद झाली तरी बाकीच्या फांद्यांतून पित्त वाहत राहते. डोळे पिवळे होत नाहीत, लघवीचा रंग बदलत नाही. भूक मंदावते, वजन उतरते, उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो आणि थकवा येतो. मराठीत आंबट ढेकर, जळजळ, मळमळ या सगळ्याला सरसकट ‘पित्त झाले’ म्हणतात. खरे तर ती जळजळ जठरातल्या आम्लाची असते. तिचा पित्तनलिकेशी संबंध नसतो. पण या भाषेमुळे अनेक महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर जातात. शेवटी कोणत्या तरी वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘यकृतात गाठ’ असे शब्द येतात.

गाठ नेमकी कुठली?

टप्प्याच्या आधी निदान पक्के व्हावे लागते, आणि इथेच पहिली चूक होऊ शकते. गाठीचा सुईने तुकडा काढून तपासला की अहवाल बहुधा ‘अडेनोकार्सिनोमा’ असा येतो. हे ग्रंथीसदृश पेशींच्या कर्करोगाचे सर्वसाधारण नाव आहे. मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड किंवा स्तन यांपैकी कुठूनही सुरू झालेला कर्करोग यकृतात पसरला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली चित्र असेच दिसू शकते. केवळ इंट्राहिपॅटिक प्रकारातच सापडेल आणि बाकी कशातही सापडणार नाही, अशी एकही ठळक खूण पेशींवर नसते. त्यामुळे छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन, दुर्बिणीतून जठर व मोठ्या आतड्याची तपासणी, स्त्रियांमध्ये स्तनांची तपासणी करून बाकीच्या शक्यता वगळाव्या लागतात.

हा काटेकोरपणा पुस्तकी नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला असेल तर त्याची औषधे वेगळी, शस्त्रक्रियेचे गणित वेगळे आणि आयुर्मानाचा अंदाजही वेगळा. चुकीच्या आजाराचा टप्पा कितीही नेमका ठरवला तरी रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

रक्तातील ‘सीए १९-९’ या चाचणीबद्दलही गैरसमज आहेत. पित्ताची वाट अडली किंवा पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला तरी तिचा आकडा वाढतो. याउलट, काही लोकांच्या शरीरात जन्मतःच हा पदार्थ तयार होत नाही. त्यांच्यात कर्करोग पसरला तरी चाचणी ‘नॉर्मल’ येते. म्हणून ही चाचणी सोबतीला ठीक, पण तिच्या एकटीच्या आधारे निदान किंवा टप्पा ठरत नाही.

टप्पे कसे मोजतात?

२०१० पूर्वी या कर्करोगाला स्वतःचे टप्पेच नव्हते. यकृतपेशींच्या नेहमीच्या कर्करोगासाठी केलेली मोजपट्टी त्यालाही लावली जात असे. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेने आपल्या सातव्या आवृत्तीत प्रथमच त्याची स्वतंत्र वर्गवारी केली. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ती सुधारली गेली. तिचा सारांश असा:

पहिला टप्पा: यकृतात एकच गाठ असून ती रक्तवाहिनीत शिरलेली नाही. ती ५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ‘१ अ’ आणि त्याहून मोठी असेल तर ‘१ ब’.

दुसरा टप्पा: एकच गाठ, पण यकृतातील रक्तवाहिनीत शिरलेली, किंवा एकापेक्षा जास्त गाठी.

तिसरा टप्पा: गाठीने यकृताचे बाहेरचे आवरण भेदले असेल तर ‘३ अ’. ती थेट शेजारच्या अवयवात घुसली असेल, किंवा जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये, ज्यांना डॉक्टर ‘नोड’ म्हणतात, कर्करोग पोहोचला असेल तर ‘३ ब’.

चौथा टप्पा: फुप्फुस, हाडे, पोटाचे अस्तर किंवा दूरच्या लसिका ग्रंथी यांत आजार पसरलेला आहे.

या वर्गवारीत सामान्य माणसाच्या कल्पनेला धक्का देणारी एक गोष्ट आहे. समजा, एका रुग्णाच्या यकृतात ७ सेंटिमीटरची एकच गाठ आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत आणि लसिका ग्रंथी स्वच्छ आहेत. दुसऱ्याच्या यकृतात ३ सेंटिमीटरची गाठ आहे, पण जवळच्या एका लसिका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या आहेत. घरचे लोक पहिल्या रुग्णाची चिंता करतील. मोजपट्टी मात्र पहिल्याला ‘१ ब’ आणि दुसऱ्याला ‘३ ब’ असे म्हणते. या आजारात आकारापेक्षा गाठींची संख्या, रक्तवाहिनीतला शिरकाव आणि लसिका ग्रंथी यांचे वजन जास्त आहे.

जपानमध्ये वापरली जाणारी मोजपट्टी आणखी वेगळी आहे. तिथे आकाराची सीमारेषा ५ ऐवजी २ सेंटिमीटरवर आहे. त्यामुळे एकाच रुग्णाचा टप्पा दोन देशांत वेगळा निघू शकतो. ‘दुसरी स्टेज’ हे शब्द इंटरनेटवर शोधून सापडलेले आकडे आपल्या रुग्णाला चिकटवण्यापूर्वी ते कोणत्या मोजपट्टीचे आहेत, हे पाहायला हवे.

न तपासलेली ग्रंथी ‘स्वच्छ’ नसते

टप्पा ठरवण्यातला सर्वांत कमकुवत दुवा लसिका ग्रंथींचा आहे. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी मोठी दिसली तरी ती केवळ सुजलेली असू शकते आणि लहान दिसणाऱ्या ग्रंथीत कर्करोग लपलेला असू शकतो. खात्री होते ती शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. आठव्या आवृत्तीने किमान ६ ग्रंथी तपासाव्यात, असे सुचवले आहे.

प्रत्यक्षात काय होते? यकृताचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया अवघड आणि लांबलचक. त्यात यकृताच्या दाराजवळच्या ग्रंथी काढणे हे वेळ आणि जोखीम वाढवणारे काम. ते कधी अपुरे होते, कधी होतच नाही. प्रगत देशांतील रुग्णालयांच्या नोंदींतही हे आढळले आहे. अशा वेळी अहवालात ग्रंथींचा टप्पा ‘एनएक्स’, म्हणजे ‘तपासता आले नाही’, असा यायला हवा. पण घरच्यांच्या कानावर ‘गाठींमध्ये काही नाही’ असे शब्द पडतात. ‘तपासले आणि नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांत रुग्णाच्या पुढच्या दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. पहिल्या रुग्णाला निश्चिंतपणे दर काही महिन्यांनी तपासणीला बोलावता येते. दुसऱ्याच्या बाबतीत तो निर्धास्तपणा अनाठायी ठरतो.

टप्पा आणि शस्त्रक्रिया

हा कर्करोग पूर्ण बरा होण्याची वास्तविक शक्यता असते ती गाठ पूर्णपणे काढता आली तरच. निदानाच्या वेळी अशी स्थिती साधारण २० ते ३० टक्के रुग्णांचीच असते. मात्र गाठ काढता येणार की नाही, हे टप्प्याच्या आकड्यावरून थेट ठरत नाही. पहिल्या टप्प्यातली गाठही मुख्य रक्तवाहिन्यांना बिलगलेली असेल तर काढणे अशक्य होऊ शकते. शिवाय मागे उरणारे यकृत शरीराला पुरेसे हवे. निरोगी यकृताचा साधारण २० ते ३० टक्के भाग उरला तरी माणूस जगतो, कारण यकृत पुन्हा वाढते. सिरॉसिस असेल तर ४० टक्क्यांपर्यंत भाग राखावा लागतो. जिथे उरणारा भाग कमी पडेल, तिथे आधी काढावयाच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी बंद करून उरलेल्या भागाला काही आठवडे वाढू देण्याचे तंत्र उपलब्ध आहे.

म्हणून ‘ऑपरेशन होणार नाही’ हा निर्णय यकृताच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या पथकाने स्कॅन पाहिल्यानंतरच अंतिम मानावा. एका डॉक्टरने एका अहवालावरून दिलेला नकार काही रुग्णांची एकमेव संधी हिरावून घेतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पोटाच्या अस्तरावर आजार पसरला आहे हे आधी न पाहता केलेले मोठे ऑपरेशन रुग्णाला काहीच न देता त्याची ताकद आणि कुटुंबाची पुंजी संपवते. त्यासाठीच काही रुग्णांत मोठा छेद घेण्यापूर्वी दुर्बिणीने पोटात पाहून घेतात.

आकडे वाचायचे कसे?

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग नोंदणीनुसार, आजार यकृतापुरता असताना निदान झालेल्यांपैकी साधारण चारातील एक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतो. आजार शेजारच्या अवयवांत किंवा ग्रंथींत गेला असेल तर हे प्रमाण दहातील एकाहून थोडे कमी आणि दूरवर पसरला असेल तर शंभरात दोन-तीन इतके उतरते. आकडे कठोर आहेत. पण यकृतापुरत्या आजाराच्या गटात शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले असे सगळे एकत्र मोजलेले आहेत. शस्त्रक्रिया झालेल्यांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या केंद्रांत साधारण २५ ते ४० टक्के आढळते. म्हणजे गाठ काढल्यानंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार परत येतो.

जपानी अभिनेत्री नाओमी कावाशिमा यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांच्या यकृतातील गाठ २०१३ मध्ये नेहमीच्या आरोग्य तपासणीत सापडली. जानेवारी २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आजार परत आला आणि २४ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टप्पा म्हणजे आजार कुठवर पोहोचला याचे एका दिवसाचे छायाचित्र. तो किती वेगाने धावतो आहे हे त्यात पूर्णपणे दिसत नाही. गाठ नलिकेच्या पोकळीत वाढणारी असेल तर भवितव्य तुलनेने बरे. नलिकेच्या भिंतीलगत पसरत जाणारी असेल तर वाईट. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी उरल्या का, उरलेले यकृत कसे आहे, रुग्ण स्वतःच्या पायांवर हिंडता-फिरता आहे का, या गोष्टी टप्प्याच्या आकड्यात बसत नाहीत. पण आयुष्याची लांबी ठरवतात.

आता पुन्हा डुर्व्हॅलुमॅबकडे. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांसाठी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीनंतर प्रमाण उपचार ठरली. त्या चाचणीत एकट्या जेमसिटाबिनवर ८.१ महिने असलेले मध्यक आयुर्मान जोडीमुळे ११.७ महिन्यांवर गेले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून जास्त जगले असा मधला बिंदू. ती कोणाही एका रुग्णाची मुदत नव्हे. पुढे ‘टोपाझ-१’ या ६८५ रुग्णांच्या चाचणीत या जोडीला डुर्व्हॅलुमॅबची साथ दिली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना इंट्राहिपॅटिक प्रकार होता. मध्यक ११.५ वरून १२.८ महिने झाले. एवढ्या महागड्या औषधाने वाढला तो सव्वा महिना, असे कोणी म्हणेल. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या घरात गेले आणि तीन वर्षांनंतरचे सुमारे ७ वरून १५ टक्क्यांवर. बहुसंख्य रुग्णांना थोडाच फायदा होतो. काहींना मात्र बराच, आणि ते कोण हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी अजून नाही.

शिवाय या चाचणीत घेतलेले रुग्ण हिंडते-फिरते, स्वतःची कामे करू शकणारे होते. अंथरुणाला खिळलेल्या, कावीळ उतरलेली नसलेल्या रुग्णाला हेच आकडे लागू पडत नाहीत. ही गोष्ट सांगितली गेली नाही, तर जमीन किंवा दागिने विकून घेतलेल्या मात्रेतून अपेक्षाभंगच पदरी पडतो.

जुनी औषधे, नवी चाचणी

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी केपसिटाबिन या गोळ्या सहा महिने देण्याची पद्धत ब्रिटनमधील ‘बिलकॅप’ या ४४७ रुग्णांच्या चाचणीनंतर, २०१९ पासून रूढ झाली. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ५१ महिने आणि न घेणाऱ्यांचे ३६ महिने होते. सर्व रुग्ण धरून केलेल्या मुख्य विश्लेषणात हा फरक संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला थोडा कमी पडला. तरीही बाकीचे पुरावे पाहून तज्ज्ञांनी तो स्वीकारला. केपसिटाबिन, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही तिन्ही औषधे भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत आणि देशातच तयार होतात. या आजारातील सर्वांत मोठा फायदा आजही वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेतून आणि या जुन्या गोळ्यांतून मिळतो. त्यासाठी रुग्ण योग्य टप्प्यावर योग्य ठिकाणी पोहोचावा लागतो.

दुसरीकडे, साधारण १० ते १५ टक्के इंट्राहिपॅटिक गाठींमध्ये ‘एफजीएफआर २’ या जनुकात विशिष्ट जोड झालेली आढळते. आणखी काहींत ‘आयडीएच १’ जनुकात बदल असतो. या बदलांवर नेम धरणाऱ्या गोळ्या अमेरिकेत अनुक्रमे २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर झाल्या. ‘एफजीएफआर २’ गटातील सुमारे एकतृतीयांश रुग्णांची गाठ अशा गोळीने लक्षणीय आकसते. म्हणून गाठीचा तुकडा काढताना तो जनुकीय चाचणीला पुरेल एवढा घेणे, हा आता टप्पा ठरवण्याच्याच कामाचा भाग मानायला हवा. तुकडा अपुरा पडला तर दुसऱ्यांदा सुई घालावी लागते आणि अशक्त रुग्णात तेवढा वेळही हाताशी नसतो.

लवकर गाठता येईल का?

थायलंडच्या ईशान्य भागात या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. तिथे कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातील माशांचे पदार्थ आवडीने खाल्ले जातात आणि त्यातून यकृतात जाणारा चपटा कृमी वर्षानुवर्षे पित्तनलिकांत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला निश्चित कर्करोगकारक ठरवले. खोन केन विद्यापीठाने २०१३ पासून गावोगावी सोनोग्राफी करणारा मोठा तपासणी कार्यक्रम राबवला. लक्षणे दिसण्याआधी रुग्ण सापडले तर ते शस्त्रक्रियेच्या टप्प्यात असतात, हा त्यामागचा विचार.

महाराष्ट्रात तशी कृमींची साथ नाही आणि सरसकट सर्वांची सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. पण सिरॉसिस, हिपॅटायटिस ‘बी’ किंवा ‘सी’, यकृतातील नलिकांत वारंवार होणारे खडे, पित्तनलिका आकसत जाण्याचा दीर्घ आजार असलेल्यांना धोका अधिक असतो. मधुमेह, लठ्ठपणा आणि यकृतातील चरबी यांचाही या कर्करोगाशी संबंध दिसून आला आहे. सिरॉसिसच्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असा संकेत यकृतपेशींच्या कर्करोगासाठी आहेच. तो नीट पाळला तर ही गाठही लहान असताना सापडू शकते.

मोजणीत हरवलेला आजार

राज्यात किंवा देशात या आजाराचे रुग्ण नेमके किती, याचे उत्तर नेहमीच्या अहवालांत मिळत नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या तक्त्यांत तो ‘यकृत’ या एकाच रकान्यात मिसळतो. यकृताबाहेरचे पित्तमार्ग पित्ताशयासोबत जातात. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, म्हणजे मोजणीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पित्तनलिकेच्या निरनिराळ्या भागांच्या कर्करोगांना स्वतंत्र संकेतांक आहेत. रुग्णालयांनी ते वापरले आणि सोबत टप्पाही नोंदवला, तर किती रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळेत पोहोचतात हे कळेल. ते कळल्याशिवाय सवलतीचा फायदा किती जणांना झाला, हेही सांगता येणार नाही.

जिल्ह्याच्या डे केअर केंद्रात सलाइनमधून केमोथेरपी देता येईल आणि रुग्णाची मुंबई-पुण्याची खेप वाचेल. पण टप्पा तिथे ठरणार नाही. त्यासाठी यकृताचा रक्तप्रवाहाच्या निरनिराळ्या क्षणी घेतलेला सीटी स्कॅन, अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आणि शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिओलॉजी यांचे तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतील असे ‘ट्यूमर बोर्ड’ लागते. टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमार्फत अशी बोर्डे ऑनलाइनही चालतात. प्रत्येक डे केअर केंद्र अशा एका बोर्डाशी जोडले आणि बोर्डाच्या नोंदीशिवाय महागडे औषध सुरू होणार नाही असा नियम केला, तर पैसा आणि रुग्ण दोघेही वाचतील. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच आहे. ज्या औषधाचा खर्च दर तीन-चार आठवड्यांनी लाखांत जातो, त्याच्यासाठी हे कवच कधी आणि कोणासाठी वापरायचे, याचा विचार टप्पा ठरतानाच व्हावा.

जिथे आजार चौथ्या टप्प्यात आहे, तिथेही करण्यासारखे बरेच असते. अडलेली पित्तनलिका नळी घालून मोकळी केली की खाज, ताप, अन्नावरची वासना उडणे कमी होते आणि काही रुग्ण केमोथेरपी घेण्याइतके सावरतात. मॉर्फिनसंबंधीचे नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीने सोपे झाले आहेत. तरीही जिल्हा पातळीवर ते सहज मिळत नसेल, तर डे केअर केंद्रांच्या यादीत त्याला पहिल्या दिवसापासून जागा हवी.

घरच्यांनी काय विचारावे?

‘कितवी स्टेज?’ या एका प्रश्नाऐवजी पाच प्रश्न विचारले तर उत्तरे उपयोगी मिळतील. गाठ यकृतातच सुरू झाली आहे, हे कोणत्या तपासण्यांवरून ठरले? गाठ एक की अनेक, आणि रक्तवाहिनीत शिरली आहे का? लसिका ग्रंथी किती तपासल्या, आणि त्यांपैकी किती बाधित होत्या? गाठ काढता येणार नाही, हे यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाने सांगितले का? जनुकीय चाचणीसाठी तुकडा राखून ठेवला आहे का?

ही उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि दुसरे मत घ्यायला जाताना स्कॅनच्या सीडीसोबत तो कागद न्यावा. पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा रुग्णाच्या मागणीवरून मिळतो, हेही लक्षात असावे. सीमाशुल्क माफ होणे दिल्लीच्या हातात होते. अहवालात ‘६ ग्रंथी तपासल्या, बाधित ०’ असे लिहिलेले आहे की नुसतेच ‘एनएक्स’, हे पाहणे मात्र रुग्णालयाच्या आणि घरच्यांच्या हातात आहे.